दारातला समुद्र

पळसदेवच्या माणसाने समुद्राविषयी लिहायला बसावे, हे ऐकून कोकणातले वाचक गालातल्या गालात हसतील. त्यांचे हसणे मला मान्य आहे. आमचे गाव इंदापूर तालुक्यातले, भीमेच्या काठचे. पाऊस बेताचा, रान कोरडवाहू, आणि समुद्र कुठे तर थेट सह्याद्रीच्या पलीकडे. लहानपणी आमच्या लेखी पाणी म्हणजे नदी. आणि तीही उन्हाळ्यात वाळूत तोंड खुपसून पडणारी. समुद्र आम्हांला भेटला तो पुस्तकांत. शाळेच्या कपाटातली, पाठीचा कणा मोडलेली ती पुस्तके वाचताना लाटांचा आवाज कसा असेल, याचा अंदाज आम्ही पिंपळाच्या सळसळीवरून बांधीत असू.

पुढे एक विलक्षण गोष्ट घडली. १९६९ साली उजनी धरणाचे काम सुरू झाले आणि १९८०च्या सुमारास ते पुरे झाले. आम्ही समुद्राकडे गेलो नाही, पण पाणी आमच्या दारी आले, आणि दार घेऊन गेले. जुने पळसदेव बुडाले. पांढरी बुडाली, काळीही बुडाली. गाव वर, नव्या गावठाणात येऊन बसले. आज त्या गावठाणातून पाहिले तर पैलतीर धूसर दिसावा एवढे पाणी पसरलेले असते. सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी साठविणारा तो जलाशय आमचा समुद्रच म्हणायचा.

या आमच्या पाण्यावर काही लिहावे, असे मी अनेकदा मनात आणले. लिहिलेही. आणि प्रत्येक वेळी ते फसले. का फसले, याचा विचार करता करता मी पुन्हा त्या जुन्या पुस्तकांकडे वळलो आणि एक प्रश्न मनात घर करून बसला. समुद्रकाठच्या गावी ज्यांचे बालपण गेले, त्या मराठी लेखकांना त्या काठाने नेमके दिले तरी काय? केवळ देखावा दिला असता, तर सुट्टीत चार दिवस किनाऱ्यावर जाऊन येणाऱ्या कोणालाही तो मिळाला असता.

*

मराठी साहित्यात समुद्र एक नाही, दोन आहेत, असे मला वाटते. एक दुरून पाहिलेला आणि एक दारातला.

दुरूनच्या समुद्राची थोरवी कमी लेखण्याचे कारण नाही. आपल्या भाषेतले समुद्राला उद्देशून लिहिलेले सर्वांत लाडके गीत सावरकरांनी १९०९ साली इंग्लंडात, ब्रायटनच्या किनाऱ्यावर रचले. सावरकर मूळचे भगूरचे, म्हणजे नाशिक जिल्ह्यातले. त्यांच्या बालपणी समुद्र नव्हता. त्या गीतातला सागर ही मायभूमी आणि तिचा पुत्र यांच्यामध्ये पसरलेली वाट आहे. वचन देऊन फिरलेला कोणी एक सोबती आहे. त्याच्याशी कवी भांडतो, त्याला आळवितो, त्याला दरडावतो. मासळीचा वास त्या सागराला नाही, आणि असण्याची गरजही नाही.

कुसुमाग्रजांचे 'कोलंबसाचे गर्वगीत' घ्या. ही कविता 'विशाखा'तली, म्हणजे १९४२ सालच्या संग्रहातली. कुसुमाग्रजांचे आयुष्य गोदाकाठचे. त्यांचा समुद्र माणसाच्या जिद्दीला आव्हान देण्यासाठी उसळतो. वादळ, गलबत, क्षितिज हे सारे त्या कवितेत मनाच्या मापाने मोजलेले आहे. देशावरच्या कवीला समुद्र म्हणजे 'अमर्याद' या शब्दाचा अर्थ. जे दारात नसते, ते मोठे दिसते. आणि मोठे दिसते म्हणूनच मोठ्या भावनेच्या कामी येते.

आता याच्या उलट उदाहरण पाहा. केशवसुतांचा जन्म १८६६चा, मालगुंडचा. मालगुंड हे रत्नागिरी जिल्ह्यातले, समुद्राला खेटून असलेले गाव. पोटासाठी केशवसुत घाटावर आले, खानदेशात त्यांनी मास्तरकी केली. तिथे त्यांना आपल्या मुलखाची आठवण कशाने व्हावी? त्यांच्या एका कवितेचे नावच 'नैर्ऋत्येकडील वाऱ्यास' असे आहे. वारा कोणत्या दिशेचा, हे नेमके सांगणारा हा कवी समुद्रकाठचा असल्याचे त्या एका शब्दावरून ओळखावे. आम्हां देशावरच्या मंडळींना वारा म्हणजे वारा. समुद्रकाठच्या पोराला त्याची दिशा कळावी लागते, कारण त्यावर घरातला माणूस होडी लोटणार की नाही, हे ठरते.

*

हा भेद मी मनाने रचीत आहे, असे कोणी म्हणेल. म्हणून एकाच किनाऱ्याचे दोन लेखक शेजारी ठेवून पाहू.

वि. स. खांडेकर मूळचे सांगलीचे. १९२० साली ते वेंगुर्ल्याजवळ शिरोड्याच्या शाळेत शिक्षक म्हणून गेले आणि १९३८पर्यंत तिथे राहिले. अठरा वर्षे म्हणजे काही थोडा काळ नव्हे. शिरोड्याची मिठागरे, १९३०चा तिथला मिठाचा सत्याग्रह, माडांच्या राया आणि वाळूचा किनारा हे सगळे त्यांच्या डोळ्यांसमोर होते. खांडेकरांच्या लेखनावर त्या भूमीचे ऋण आहेच. तिथल्या दारिद्र्याने त्यांना अस्वस्थ केले, आणि त्या अस्वस्थतेने त्यांची लेखणी तापली. पण त्यांच्या हाती निसर्गाची वस्तू आली, की ती लगेच काहीतरी सुचवू लागते. त्यांच्या रूपककथांत तर मुकी सृष्टी मानवी तत्त्वांच्या वाणीने बोलते. वस्तूपेक्षा तिचा अर्थ त्यांना अधिक प्रिय होता. सांगलीहून आलेला संवेदनशील तरुण समुद्राकडे पाहतो, तेव्हा त्याला आधी विचार सुचतो. हे दूषण नव्हे. हा पाहण्याचा कोन आहे.

शिरोड्याला लागूनच आरवली. जयवंत दळवी तिथे वाढले. १९६४ साली त्यांचे 'सारे प्रवासी घडीचे' आले, आणि वेंगुर्ले तालुक्यातला तो टापू मराठी घराघरांत जाऊन बसला. या पुस्तकात समुद्र शोधायला गेलात तर निराशा होईल. सूर्यास्त नाहीत, लाटांचे नर्तन नाही. आहेत ती माणसे: विक्षिप्त, लोचट, भाबडी, भांडकुदळ आणि एकामागून एक मरणारी. हसता हसता वाचकाच्या लक्षात येते, की इथे मरणाचा कोणी फारसा गवगवा करीत नाही. ते येते आणि जाते, भरतीओहोटीसारखे. दळवींनी समुद्राचे वर्णन केले नाही, समुद्राचा हिशेब मात्र पुस्तकभर पाळला. दारातल्या वस्तूचे वर्णन कोण करतो? आपण आपल्या उंबऱ्याचे कधी वर्णन करतो का?

कोकणातले जुने लोक भरतीची वेळ घड्याळाकडे न पाहता सांगतात. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास पाणी भरणार. जो समाज दिवस असा मोजतो, त्याच्या बोलण्याला, थांबण्याला, निघण्यालाही एक वेगळी लय असणार. त्या लयीत कान वाढलेला असणे, हे मला समुद्रकाठच्या बालपणाचे पहिले देणे वाटते. ते डोळ्यांना मिळत नाही; म्हणून पाहुण्याच्या हाती लागत नाही.

*

श्री. ना. पेंडसे यांच्याविषयी बोलताना समीक्षकांनी 'प्रादेशिक' हा शब्द इतका वापरला, की तो आता गुळगुळीत झाला आहे. पेंडसे १९१३ साली दापोली तालुक्यातल्या मुर्डी गावी जन्मले. हर्णै-आंजर्ल्याचा समुद्र तिथून जवळ. लहान वयातच ते मुंबईस आले आणि पुढे बेस्टच्या नोकरीत त्यांनी उमेदीची वर्षे घालविली. 'एल्गार' १९४९, 'हद्दपार' १९५०, 'गारंबीचा बापू' १९५२. मुंबईत बसून हा माणूस ओळीने हर्णै-दापोलीकडचा मुलूख लिहीत होता.

इथे एक गमतीची गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. मुंबईला समुद्र नाही का? चारी बाजूंनी आहे. पेंडसे, दळवी, खानोलकर हे तिघेही अखेर मुंबईकर झाले. पण त्यांच्या लेखणीला जो समुद्र फळला, तो चौपाटीवरचा नव्हे. दळवींनी 'चक्र'मध्ये मुंबईची झोपडपट्टी दाखविली, पेंडशांनीही महानगरावर लिहून पाहिले. परंतु समुद्राची ओढ लागली, ती गावाच्या समुद्राचीच. यावरून उघड होते, की प्रेरणा पाण्यात नसते. ती पाण्याभोवती जमलेल्या माणसांच्या ओळखीत असते, आणि ती ओळख तुटल्यावर जो सल उरतो, त्यात असते.

'गारंबीचा बापू' वाचताना मी एक कसोटी लावून पाहतो. समुद्र काढून घेतला, तर गोष्ट उभी राहील का? वरवर पाहता राहील. बापू, राधा, अण्णा खोत, विठोबा यांचे नाते समुद्रावर अवलंबून नाही. पण थोडे खोल गेले, की कळते, डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत ही माणसे कोंडलेली आहेत. पोफळीची चार झाडे कोणाची, पाण्याची पाळी कोणाची, अब्रू कोणाची, यावरून तिथे जन्म जातात. पाठीमागे कडा, पुढे पाणी. अशा ठिकाणी बापूसारखा बंडखोर उठला, तर त्याला पळून जायला जागा नसते; एक तर मोडून पडावे, नाही तर गावाला वाकवावे. बापू गावाला वाकवितो. ही कथा सपाट, चोहोकडे वाटा फुटलेल्या आमच्या मुलखात अशी घडली नसती. आमच्याकडचा बापू सरळ पुढच्या गावी निघून गेला असता.

आणि बाहेर पडायची वाट एकच होती: आगबोट. देशावरच्या कवीच्या मनातले जहाज अज्ञात खंडाकडे निघते. कोकणातल्या आईच्या मनातले जहाज मुलाला मुंबईस नेते आणि पुढे त्याची मनिऑर्डर येते. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेंवर माणसे गेली. समुद्राचे हे दुसरे तोंड ज्या घरांनी पाहिले, त्यांना त्याच्याविषयी भव्य बोलणे जमत नाही. पेंडशांच्या गद्यातला कोरडा, तुटक सूर मला याच घरांतून आलेला वाटतो.

त्यांच्यात उणे नाही असे नव्हे. त्यांच्या नायकांना मोठे करण्याचा त्यांना मोह होतो. बापूच्या यशाची कमान जरा जास्तच सफाईने चढते. पुढे १९८७ साली 'तुंबाडचे खोत' या दोन खंडांच्या कादंबरीत त्यांनी जगबुडी नदीच्या काठावर एका घराण्याच्या अनेक पिढ्या उभ्या केल्या. तिथे एकट्या वीराची गरज उरली नाही, काळच नायक झाला, आणि त्यांची लेखणी अधिक मोकळी झाली.

*

चिं. त्र्यं. खानोलकरांचा समुद्र मात्र या सगळ्यांहून निराळा. कवी म्हणून आपण त्यांना आरती प्रभू या नावाने ओळखतो. जन्म १९३०, वेंगुर्ले तालुक्यातला. कुडाळला त्यांच्या घरची खानावळ होती. १९५९ साली ते मुंबईस आले, आणि १९७६ साली, अवघ्या शेहेचाळिसाव्या वर्षी गेले.

त्यांच्या १९६६ सालच्या कादंबरीचे नाव 'कोंडुरा'. कोंडुरा हे वेंगुर्ल्याकडच्या किनाऱ्यावरचे खरेखुरे ठिकाण आहे. खडकांच्या कपारीत समुद्र शिरतो आणि घुमतो. लहान मुलाला तो घुमणारा आवाज ऐकून काय वाटेल? भीती वाटेल. आणि मोठी माणसे त्याला त्या भीतीची गोष्ट सांगतील. खानोलकरांनी त्या आवाजात देवाची हाक ऐकणारा माणूस उभा केला. हाक खरी की भ्रम, वर मिळाला की शाप, हे त्या माणसाला कळत नाही आणि वाचकालाही सहजी कळू दिले जात नाही. श्याम बेनेगलांनी १९७८ साली या कादंबरीवर चित्रपट केला, तेव्हा मराठी न जाणणाऱ्यांपर्यंतही तो घोष पोहोचला.

खानोलकरांविषयी तक्रार करायची तर एवढीच, की कधीकधी त्यांची माणसे त्या घोषात हरवतात. नियतीचा हात इतका सतत फिरतो, की त्यांना स्वतःच्या पायांनी चालायला फुरसत मिळत नाही. पण बालपणीची भीती प्रौढ वयापर्यंत न विझविता आणणे, तिला समजूतदारपणाचे पाणी न लावणे, हे फार थोड्या लेखकांना साधते. दळवींना त्या किनाऱ्याने लय दिली, पेंडशांना कोंडी दिली, खानोलकरांना भय दिले. तिघांपैकी कोणालाही त्याने केवळ सौंदर्य दिले नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. गावाकडच्या आठवणींचे गोड लोणचे घालणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. दिवाळी अंकांतूनही ती बरणी दरसाल उघडते. स्मरणाने सुख होते तोवर ते रंजन. स्मरणाने काहीतरी बोचू लागले, की साहित्याला सुरुवात होते.

*

इतके कौतुक केल्यावर एक कटू गोष्टही बोलली पाहिजे. आपला हा दारातला समुद्र दारातूनच पाहिलेला आहे. होडीतून फारसा नाही. पेंडसे, दळवी, खानोलकर हे वाडीतले, पडवीतले, ओटीवरचे लेखक. रापण ओढणारे, पहाटे जाळे घेऊन निघणारे हात त्यांच्या पानांतून येऊन जातात, पण कथेचा मध्य क्वचितच होतात. मल्याळम भाषेत तकळी शिवशंकर पिळ्ळै यांनी १९५६ साली 'चेम्मीन' लिहिली. तेही मासेमारी करणाऱ्या घरातले नव्हते. तरी कोळीवाड्यातली एक मुलगी, तिचे प्रेम आणि समुद्राविषयीच्या त्या समाजाच्या श्रद्धा त्यांनी कादंबरीच्या ऐन गाभ्यात ठेवल्या. आपल्याकडे समुद्रावर एकट्याने झुंजणारा म्हातारा मराठी वाचकाच्या घरी आला, तो हेमिंग्वेचा, पु. ल. देशपांडे यांनी 'एका कोळियाने' या नावाने त्याला मराठीत आणले. अनुवाद गोड आहे. पण आपल्या शेजारच्या कोळ्याची ओळख इतक्या लांबून व्हावी, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

ही खंत दुसऱ्याविषयी व्यक्त करणे सोपे आहे. तीच मला स्वतःकडे घेऊन आली.

आमच्या बुडालेल्या गावावर मी जे जे लिहिले, त्यात पाणी नेहमी दुरूनचे होते. ते 'अथांग' होते, 'निष्ठुर' होते, ते 'काळाचे रूप' होते. ब्रायटनचा सागर मी उजनीत ओतीत होतो. सावरकरांना तो शोभला, कारण त्यांचे दुःखच समुद्राएवढे दूरचे होते. माझे दुःख तर पन्नास हात खाली, चिखलात होते: चुलीची जागा, गोठ्याची दावण, नदीच्या उताराची वाट. त्यांची नावे लिहिण्याऐवजी मी विशेषणे लिहीत बसलो. मुर्डीचा माणूस पोफळी मोजतो, आरवलीचा माणूस मेलेली माणसे मोजतो, आणि मी मात्र लाटा मोजीत होतो. म्हणून ते फसले.

२०२४च्या उन्हाळ्यात उजनीचे पाणी फार खाली गेले. पळसनाथाचे जुने देऊळ, एरवी पाण्याखाली असणारे, उघडे पडले. माणसे चिखल वाळलेल्या वाटेने पाहायला लोटली. मीही गेलो. माझ्याबरोबर शेजारच्या घरातला दहाअकरा वर्षांचा मुलगा होता. आमचा वाडा कुठे होता, हे मी त्याला हाताने दाखवीत होतो, आणि दोनदा माझीच दिशा चुकली. तो ऐकत होता. पण त्याचे लक्ष भेगाळलेल्या गाळातल्या शिंपल्यांकडे होते.

परत येताना तोच बोलू लागला. पाणी कोणत्या महिन्यात कोणत्या खुणेपर्यंत चढते, मासा कोणत्या अंगाला मिळतो, भिगवणकडे रोहित पक्षी थंडीत येतात ते कुठे उतरतात, वारा सुटला की होडीवाले कोणत्या बाजूने येतात, गाळपेरीला कोणता तुकडा आधी मोकळा होतो. वाऱ्याची दिशा त्याने नावानिशी सांगितली. मी चकित होऊन ऐकत राहिलो. ज्या पाण्याने माझे गाव नेले, ते पाणी याच्या गावाचे आहे. मला ते दुरूनचे, त्याला दारातले.

वाटेत त्याने खिशातले शिंपले काढून पायरीवर मांडले आणि मला विचारले, "तुमच्या वेळी नदीत हे होते का?" मला आठवेना. घरी येऊन मी जुनी वही उघडली, 'अथांग' हा शब्द खोडला, आणि नदीच्या उतारावर पावसाळ्याआधी काय काय सापडत असे, त्याची यादी करायला बसलो.